जिथे सूर्यच मावळत नाही तिथे पक्षी ऐकायला किती वाजता उठायचं?

चाफेकळी | २८ एप्रिल, सायं. ६:१०

लेक-जावई ट्रोम्सोला असतात. नॉर्वेच्या नकाशात अगदी वर बघा, तिथे. २५ मेला मी पोचतेय, जून संपेपर्यंत मुक्काम आहे. लेकीने यादी करून ठेवलीय: केबल कार, फ्योर्ड, बोटीतून पफिन नावाचे समुद्रपक्षी वगैरे. त्यातलं काही नको असं नाही, पण मला खरं जायचंय ते पक्षी ऐकायला. दुर्बीण धरली की मान आखडते आणि फांदी सापडेपर्यंत पक्षी उडालेला असतो. ऐकण्यात ती धावपळ नाही. इथे सांगलीत घाटावर पहाटे साडेपाचला जाऊन बसलं की दयाळ, भारद्वाज, शिंपी, सुभग सगळे हजेरी लावून जातात.

अडचण अशी की ट्रोम्सोला २० मेच्या सुमारापासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही म्हणे. मग पहाट धरायची कधी? पक्षी गातात कधी आणि झोपतात कधी? लेकीला विचारलं तर म्हणाली, "आई, आम्ही काळे पडदे लावून झोपतो, आम्हाला काय माहीत."

दुसरं म्हणजे वय ६८, डाव्या कानाने जरा कमी ऐकू येतं. नव्या मुलखातले आवाज या वयात ओळखता येतील का, की 'छान किलबिल होती' एवढंच सांगत परत यायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (तिथे प्रकाश भरपूर आहे, तरीही.)

खुसखुस | २८ एप्रिल, सायं. ६:३२

तिथल्या कोंबड्यांची मला काळजी वाटतेय. बिचाऱ्यांनी आरवायचं कधी?

चहा घेऊन बसलोय. येऊ द्या.

पाणथळ | २८ एप्रिल, रात्री ८:०५

काकू, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एवढं तिकीट काढून नॉर्वेला जायचं आणि थ्रश-वटवटे ऐकत बसायचं? गाणारे पक्षी आपल्याकडे काय कमी आहेत? घाटात जाऊन शामा ऐका, पाऊस सुरू झाला की शीळकरी कस्तूर ऐका. तिथे जाऊन जे इथे नाही ते बघावं. पफिन बघा, समुद्री गरुड बघा.

शीळकरी | २८ एप्रिल, रात्री ८:४०

पाणथळरावांना शीळकरी कस्तूर आठवला याचा व्यक्तिशः आनंद झाला. बाकी मुद्द्याशी असहमत.

उत्तरायण | २८ एप्रिल, रात्री ११:५५

चाफेकळीताई, आधी अभिनंदन, कारण तुमच्या तारखा नेमक्या पडल्यात. जुलैत येणारे पाहुणे विचारतात, "इथले पक्षी गप्प का?" तोवर अंडी फुटून पिल्लांच्या चोचीत किडे कोंबायचं काम सुरू झालेलं असतं, गायला सवड कुणाला आहे? उत्तरेतला गाण्याचा हंगाम म्हणजे मेचा शेवटचा आठवडा ते जूनची २०-२२ तारीख. पुढेही गाणं असतं, पण रोडावलेलं.

पाणथळ, तुमच्याकडे कमी काहीच नाही. पण आपल्याकडे गाणं वर्षभर पसरलेलं आहे. होळीनंतर दयाळ, वैशाखात कोकीळ, पावसात कस्तूर, ज्याचा त्याचा मोसम. इथे हद्द आखणं, जोडी जमवणं, घरटं, पिल्लं, पिसं बदलणं, सगळं दोन-सव्वादोन महिन्यांत उरकून ऑगस्टमध्ये परतीला लागायचं असतं. त्यामुळे सगळे एकाच वेळी तोंड उघडतात. मी फिनलंडमध्ये ओउलूला राहतो, दर उन्हाळ्यात वर लॅपलंडमध्ये जातो. पहिल्यांदा जाणाऱ्याला त्या गलक्यात काही उमगत नाही.

म्हणून ताई, निघण्याआधी एकच पक्षी पाठ करा: विलो वार्बलर. जेमतेम दहा ग्रॅमचा जीव, हिवाळा आफ्रिकेत काढून येतो. बर्चच्या रानात चार पावलं टाकली की एक. गाणं दोन-तीन सेकंदांचं, वरच्या पट्टीत सुरू होतं आणि उतरत उतरत शेवटी विरून जातं. तो डोक्यात पक्का बसला की 'हा विलो नाही' एवढं तरी कळतं, आणि तिथून खरं ऐकणं सुरू होतं.

मग ब्रॅम्बलिंग. त्याच्या गाण्याला गाणं म्हणायला धाडस लागतं. लांबवर कुणीतरी लाकूड कापतंय असा एकसुरी 'झ्झ्यीऽऽ', जरा थांबून पुन्हा तोच. डोंगरी बर्चची पानं खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या दर नऊ-दहा वर्षांनी प्रचंड वाढतात, तेव्हा या ब्रॅम्बलिंगची चंगळ असते आणि त्या वर्षी रानात दुसरं काही ऐकूच येत नाही. १९६० च्या दशकात अळ्यांनी लॅपलंडातल्या उत्स्योकीकडची बर्चची रानंच्या रानं मारून टाकली, काही भाग अजून उघडा आहे. पण ते असो, विषय भरकटतोय.

रेडविंग तर ट्रोम्सो शहरातच बागेबागेत मिळेल. त्याच्यावर आणि ब्लूथ्रोटवर उद्या लिहितो, डोळे मिटतायत.

गणिती_गण्या | २९ एप्रिल, सकाळी ७:२०

काकूंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलंच नाही. म्हणून हा माझा खारीचा वाटा.

सूर्य मावळत नाही म्हणजे तो एका जागी टांगलेला असतो असं नाही. तो आकाशात गोल फिरतो, फक्त ते वर्तुळ कललेलं असतं. ट्रोम्सोला १ जूनच्या आसपास दुपारी तो ४२ अंशांवर असतो आणि मध्यरात्री उत्तर क्षितिजाच्या जेमतेम दीड-दोन अंश वर. म्हणजे उजेड आणि ऊब दोन्ही रोज कमी-जास्त होतात. पक्ष्यांना तेवढं पुरतं.

आता गंमत. तिथल्या घड्याळात १२ वाजतात तेव्हा खरी मध्यरात्र झालेली नसते. नॉर्वेचं उन्हाळी घड्याळ ३० अंश पूर्व रेखांशाच्या हिशेबाने चालतं आणि ट्रोम्सो आहे १९ अंशांवर. फरक ११ अंश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्य सर्वात खाली येतो तो १२ वाजून ४० ते ४५ मिनिटांनी. त्याच नॉर्वेत पार पूर्वेला वार्डोला हेच १२ ला पाच मिनिटं असताना घडतं. आणि उत्तरायण जातात त्या उत्स्योकीला, फिनलंडचं घड्याळ तासभर पुढे असल्याने, १ वाजून १० मिनिटांच्या सुमाराला.

तेव्हा काकू, तुमची पहाट म्हणजे रात्री पाऊण ते तीन.

खुसखुस | २९ एप्रिल, सकाळी ७:४४

काकू, जावयाला आत्ताच कल्पना द्या. सासूबाई रात्री पाऊण वाजता चपला घालून दारात उभ्या आहेत हे दृश्य तयारीशिवाय झेपणार नाही.

चाफेकळी | २९ एप्रिल, सकाळी ९:१५

गण्या, शाळेत तुझ्यासारखा एक जरी विद्यार्थी मिळाला असता तर भूगोलाच्या तासाला मी झोपले नसते (मी मराठी शिकवायचे, बदली तासाला भूगोल यायचा). पण पक्षी झोपतात का, हे राहिलंच की.

उत्तरायण | २९ एप्रिल, रात्री १०:३०

झोपतात. निदान गाणारे तरी. २०१३ मध्ये अलास्काच्या बॅरो गावाजवळच्या पक्ष्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. लॅपलंड लाँगस्पर हा तिथला गाणारा पक्षी, तो चोवीस तासांचं वेळापत्रक इमानाने पाळतो, रात्रीचे काही तास विश्रांती घेतो. चिखलात चरणाऱ्या सँडपायपरांचं मात्र वेगळंच. त्यांच्यात कुणाचं वेळापत्रक कुणाशी जुळेना. त्यातल्या पेक्टोरल सँडपायपरचे नर तर मादीच्या मागे दिवसचे दिवस जवळपास झोपतच नाहीत. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या अभ्यासात एक नर १९ दिवस, त्यातला ९५ टक्के वेळ, जागा सापडला होता. आणि कमी झोपणाऱ्यांनाच पिल्लं जास्त झाली.

ट्रोम्सोला साधारण असं धरा: संध्याकाळी आठ-नऊनंतर आवाज ओसरत जातात, मध्यरात्रीच्या आधी सर्वात शांत, आणि गण्याने सांगितलेली वेळ उलटली की सुरुवात. थंडीत किडे हलत नाहीत, म्हणजे खायला काही नाही. वारा पडलेला असतो, गाडी-घोडं नाही. गायला याहून सोयीची वेळ दुसरी कोणती?

आता रेडविंग. हा तपकिरी थ्रश, बगलेत तांबडा. गाण्याची सुरुवात चार-सहा स्पष्ट शिट्यांनी होते, मग घाईघाईची अस्पष्ट कुजबुज. ही जी सुरुवात आहे ती एका भागातल्या सगळ्या नरांची सारखी असते, आणि काही किलोमीटर गेलं की बदलते. कुठे सूर उतरतो, कुठे चढतो, कुठे मधे गिरकी. ताई, घराजवळच्या रेडविंगची सुरुवात नीट लक्षात ठेवा आणि बेट ओलांडून पलीकडे गेलात की पुन्हा ऐका. पफिन बघून आलेल्या कुणालाही हे सांगता येणार नाही.

जागा: ट्रोम्सो शहर ज्या बेटावर आहे त्याच्या माथ्यावर प्रेस्टव्हानेत नावाचं तळं आहे. भोवती सपाट पायवाट, बाकडी आहेत. लाल गळ्याचे डायव्हर हे पाणपक्षी तिथे घरटं करतात. तुमच्या गुडघ्यांचीही कुरकुर असेल तर याच्याइतकी सोयीची जागा नाही.

स्वेया | ३० एप्रिल, दुपारी १:१०

मी गोथेनबर्गला असते, म्हणजे उत्तरायणांच्या मते 'दक्षिणेत'. तरी एक सांगते. स्वीडनमध्ये 'योकोत्ता' नावाची चाल आहे. येशूच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी, म्हणजे ईस्टरनंतर चाळीसाव्या दिवशी, भल्या पहाटे उठून कुकू ऐकायला रानात जायचं. सोबत कॉफी, सँडविच. आमच्या शेजारच्या आजी अजून जातात, आणि आवाज कुठल्या दिशेने आला याला फार महत्त्व देतात. दक्षिणेकडून आला तर मरण, पश्चिमेकडून सर्वात उत्तम, पूर्वेकडून दिलासा, उत्तरेकडून दुःख. त्याचं यमक जुळवलेलं गाणं आहे. दक्षिणेकडून ऐकू आला तर आजी पटकन चालत जाऊन कुकूला पश्चिमेला आणतात!

मालवणी_मेवा | ३० एप्रिल, दुपारी २:००

शेजारच्या आजींना दंडवत. आमच्याकडे पावशा 'पेरते व्हा' ओरडला की लोक बियाणं काढतात, दिशा कोण बघतो!

अवांतर: कुकू आणि कोकीळ एकच का?

पाणथळ | ३० एप्रिल, दुपारी २:२५

एकाच कुळातले, पण जाती वेगळ्या. दोघंही पोरं दुसऱ्याच्या घरात वाढवतात. आणि तांत्रिकदृष्ट्या दोघंही 'साँगबर्ड' नाहीत, एवढं नोंदवून ठेवतो.

खुसखुस | ३० एप्रिल, दुपारी २:३१

कोकिळेला गाणाऱ्या पक्ष्यांतून काढलं! मराठी भावगीतांचं आता कसं व्हायचं?

कानकोंडा | १ मे, रात्री ९:००

पेशाने कान-नाक-घसा. काकूंच्या दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून.

वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते वरच्या पट्टीकडून. गोल्डक्रेस्टसारख्या पक्ष्याचं गाणं सात-आठ हजार हर्ट्झचं असतं, ते साठीनंतर कित्येकांच्या हिशेबातून कायमचं जातं. पण वर ज्यांची नावं आली ते बहुतेक दोन ते पाच हजारांच्या घरात गातात. रेडविंगच्या शिट्या, कुकू, ब्रॅम्बलिंग तुम्हाला आरामात ऐकू येतील. विलो वार्बलरही यावा.

डाव्या कानाचा त्रास दुसरीकडे होईल. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांतल्या फरकावरून ठरवतो. एक कान मंद असला की सगळे पक्षी एकाच बाजूला बसलेत असं वाटतं. त्यावर उपाय: आवाज आला की जागेवर उभं राहून मान सावकाश फिरवा, सर्वात मोठा कधी लागतो ते बघा. दोन्ही तळहात कानांमागे धरले तर बराच फरक पडतो, लोक हसले तर हसू देत. टोपी कानावर ओढू नका, पट्टा वापरा आणि ऐकताना वर सरकवा.

श्रवणयंत्र असेल तर जाण्याआधी ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठीचा वेगळा प्रोग्रॅम टाकून घ्या. साध्या प्रोग्रॅममध्ये यंत्र माणसाचं बोलणं उचलतं आणि पक्ष्याची लांब शिटी गोंगाट समजून दाबून टाकतं.

चाफेकळी | १ मे, रात्री ९:४०

डॉक्टर, यंत्र अजून नाही, ते लांबवतेय. पण मान फिरवण्याचं आज गच्चीवर करून पाहिलं. पोपट नेमके कुठे आहेत ते कळलं. शेजारीण विचारत होती, मानेला काय झालं?

निवांत_नाना | २ मे, सकाळी ११:२०

एवढा खटाटोप कशाला? मोबाइलमध्ये मर्लिन टाका. आवाज ऐकून नाव सांगतं. फुकट आहे, यादी आधी उतरवून घेतली तर नेटशिवाय चालतं. पक्षी समोर येत नसेल तर त्याचाच आवाज ब्लूटूथ स्पीकरवर वाजवायचा, धावत येतो.

शीळकरी | २ मे, दुपारी १२:०५

नाना, पहिल्या अर्ध्यावर वाद घालेन, दुसऱ्या अर्ध्यावर भांडेन.

स्पीकरवर आवाज वाजवला की नराला वाटतं हद्दीत कुणी घुसलंय. तो गाणं, खाणं सोडून शत्रू शोधत बसतो. ज्याच्याकडे सगळ्या संसारासाठी दोन महिने आहेत त्याचा असा वेळ खाऊ नये. नॉर्वेत १ एप्रिल ते २० ऑगस्ट कुत्र्यालाही साखळीशिवाय फिरवता येत नाही, तो काळ पिल्लांचा म्हणून. आपण निदान कुत्र्याएवढी शिस्त पाळू.

मर्लिनबद्दल: कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी २०२१ मध्ये आवाज ओळखण्याची सोय दिली, काम उत्तम आहे, मीही वापरतो. पण नवशिक्याने आधी पडदा बघितला की कान बंद होतात. आधी ऐका, मनात नाव धरा, मगच मोबाइल काढा. आणि नकला करणाऱ्या पक्ष्यापुढे ते हमखास गोंधळतं.

खुसखुस | २ मे, दुपारी १२:१५

ब्लूथ्रोटला ब्लूटूथ लावू नये. एवढंच म्हणणं होतं ना?

निवांत_नाना | २ मे, दुपारी १:३०

बरं बाबा, स्पीकर मागे घेतला. पण ॲपमुळे माझ्यासारखा माणूस निदान मान वर करून बघायला लागला हेही लिहा कुठेतरी.

उत्तरायण | ३ मे, रात्री ११:१०

नाना, लिहिलं.

नकलांवरून ब्लूथ्रोट. उत्तरेतल्याच्या निळ्या गळ्यात मधोमध विटकरी ठिपका असतो, मध्य युरोपातल्याला पांढरा. हा मेच्या शेवटी येतो आणि ओल्या जागी, विलोच्या झुडपात ठाण मांडतो. गाण्याची सुरुवात एकाच सुराच्या सुट्या टिंबांनी, टिंग... टिंग.. टिंग, मग लय वाढत वाढत जाते आणि एकदम पाट फुटल्यासारखा सुटतो. त्यात आजूबाजूच्या सगळ्यांच्या नकला. रेडविंग, विलो वार्बलर, किनाऱ्यावरचे चिखलपक्षी, जे त्याने ऐकलंय ते सगळं. ताई, एका झुडपातून ओळीने पाच जातींचे आवाज आले की तिथे पाच पक्षी शोधू नका.

पाणथळ | ४ मे, सकाळी ८:३०

आता बोलणं भाग आहे. ब्लूथ्रोट (कुणी शंकर म्हणतं, कुणी नीलकंठी) आम्हाला नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात दिसतो. पाणकणसाच्या कडेने शेपटी उडवत पळतो आणि तोंडातून काय निघतं? 'टक्'. फार झालं तर 'टक् टक्'. इतकी वर्षं बघतोय, गाणं कधी कानावर पडलं नाही. हा तोच पक्षी आहे का?

उत्तरायण | ४ मे, सकाळी ९:५०

जात तीच, आणि बहुधा गावही इकडचंच! नॉर्वेतल्या आणि चेकमधल्या विटकरी ठिपक्याच्या ब्लूथ्रोटांना जिओलोकेटर लावून केलेला अभ्यास २०१५ मध्ये आला. हे पक्षी आफ्रिकेत न जाता भारतीय उपखंडात हिवाळा काढतात असं त्यातून दिसलं. जिओलोकेटर म्हणजे उजेडाची नोंद ठेवणारा इवलासा तुकडा. तो काही प्रक्षेपण करत नाही, पुढच्या वर्षी तोच पक्षी पुन्हा पकडून नोंदी उतरवाव्या लागतात. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून पक्षी कुठे होता ते काढतात. म्हणजे स्वतःच्या गावी, जिथे सूर्य मावळतच नाही, तिथे ते यंत्र आंधळं. नाशिकजवळ मात्र बरोबर चालतं.

आणि हा एकटा नाही. तांबड्या छातीचा माशीमार आपल्या आमराईत येतो तो युरोपातल्या जुन्या स्प्रूसच्या रानातून. रोझफिंच, ब्लिथचा बोरू वटवट्या, हेही फिनलंडमध्ये वीण करून भारतात येणारे.

शीळकरी | ४ मे, सकाळी १०:४०

दुरुस्ती दोन. ब्लिथचा बोरू वटवट्या फिनलंडच्या दक्षिण-पूर्वेचा, पार उत्तर टोकाचा नव्हे, काकूंनी ट्रोम्सोत शोधू नये. आणि हे पाहुणे आपल्याकडे अगदीच मुके नसतात. मार्च-एप्रिलमध्ये निघायच्या आधी ब्लूथ्रोट झुडपात बसून हळू आवाजात गातो. मी कोल्हापूरजवळ ध्वनिमुद्रण केलंय. दबकं, तुटक, पण त्यात नकला ओळखू येतात.

पाणथळ | ४ मे, सकाळी ११:०५

ते ऐकवा. आणि काकू, पफिनचा आग्रह मागे. माझ्यातर्फे ब्लूथ्रोट ऐकून या. अर्धं आयुष्य मी त्याचं 'टक्' ऐकलंय.

मालवणी_मेवा | ४ मे, सकाळी ११:२०

पाणथळ विरघळले! धागा जपून ठेवा.

उत्तरायण | २० मे, रात्री १०:००

धागा वर काढतोय. ताई, निघताना: लोकरी मोजे, वाऱ्याला अडवणारं जाकीट, बसायला फोमचा तुकडा. जूनमध्येही हिमवर्षाव होऊ शकतो. डासांचं फार मनावर घेऊ नका, किनाऱ्यावर ते कमी, खरा उच्छाद आत कारास्योककडे, तोही जूनच्या उत्तरार्धात. मात्र फील्डफेअर नावाचे थ्रश वस्ती करून राहतात, त्यांच्या झाडाखाली उभ्या राहू नका. घुसखोरावर ते सामूहिकपणे, नेम धरून शिटतात.

चाफेकळी | ९ जून, दुपारी ४:२०

मंडळी, ट्रोम्सोहून. लिहायला उशीर झाला कारण दिवसा झोपते आणि रात्री जागते. घरात सगळे मला घुबड म्हणतात.

गण्याचा हिशेब चोख निघाला. प्रेस्टव्हानेतच्या बाकड्यावर सव्वाबारापासून बसले होते. ऊन समोरच्या बर्चच्या शेंड्यांवर, तळ्याच्या कडेला अजून बर्फाचे मळकट ढिगारे, आणि कुणी चकार शब्द काढेना. घड्याळात बारा पन्नास झाले तेव्हा डाव्या-उजव्या कुठूनसा पहिला रेडविंग. मान फिरवली डॉक्टर सांगतात तशी, उजवीकडे मागे सापडला. पाच शिट्या, पायऱ्या उतरल्यासारख्या, मग पुटपुट. दहा मिनिटांत विलो वार्बलर इतके झाले की उत्तरायण म्हणाले तसं त्यांना 'वजा' करायला शिकावं लागलं.

ब्लूथ्रोट शहरात मिळाला नाही. त्यासाठी जावई क्वालोया बेटावर घेऊन गेले, जिथे बर्च संपतात आणि ओढ्याकाठी खुरटे विलो सुरू होतात. रात्री दीड. दुर्बीण न लावता दिसेल इतका जवळ होता. झुडपाच्या टोकाला बसलेला, चोच पार उघडी, शेपूट उभं, आणि प्रत्येक 'टिंग'ला गळ्यावरचा तो विटकरी ठिपका हलत होता. निळी पिसं थरथरताना वेगवेगळी दिसत होती. मग लय वाढली आणि तो हवेत उडाला, गात गातच पंख पसरून खाली आला. नंतर मोबाइल काढला (शीळकरी, नंतरच!). मर्लिनने रेडविंग, ब्रॅम्बलिंग, आर्क्टिक टर्न अशी नावं एकामागून एक लावली. सगळा तो एकटाच होता.

पाणथळ, तुमचं 'टक्'ही ऐकलं. आम्ही जरा पुढे सरकलो तेव्हा तो झुडपात शिरला आणि नाराजीने तेच म्हणाला.

गोल्डक्रेस्ट मात्र नाही ऐकू आला. लेक म्हणते होता, तिला येत होता. परत आले की यंत्राचं बघते.

पाणथळ | ९ जून, दुपारी ४:४५

काकू, जळफळाट झालाय माझा. नोव्हेंबरात नांदूरला या, चहा माझ्याकडून. तो गप्प असेल, पण ओळख दाखवेल.

कानकोंडा | ९ जून, सायं. ५:३०

'यंत्राचं बघते' हे वाक्य मी जपून ठेवलंय. सांगलीत आलात की आठवण करून देणार.

खुसखुस | ९ जून, सायं. ५:४०

आणि फील्डफेअर?

चाफेकळी | ९ जून, सायं. ६:०२

जावई. नवीन जाकीट. माझ्या तोंडून 'अरे वा, नेम!' निघून गेलं, ते त्यांना आवडलं नाही.

उत्तरायण | ९ जून, रात्री ११:३०

ताई, क्वालोयाला रेडविंग होता का? सुरुवात तीच का वेगळी? दोन्ही ध्वनिमुद्रणं असतील तर टाका, ओउलूच्या रेडविंगशी लावून बघतो. इथले उतरत नाहीत, मधे एक उडी घेतात.

चाफेकळी | १० जून, पहाटे ३:१५

होता, आणि वेगळा होता. तळ्यावरचे पाच सूर उतरतात, तिथला तीनच सूर आणि शेवटचा वर. दोन्ही टाकतेय. दुसऱ्यात चाळिसाव्या सेकंदाला जावई शिंकतात, तेवढं सोडून ऐका. मर्लिनने त्यावरही एक नाव सुचवलं होतं, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.